सात जणांच्या भाकरी

या, असे पुढं सरकून बसा. गोष्ट काही लांबलचक नाही. दोन हातांची आहे, ओंजळीत मावेल एवढी. पण मन लावून ऐका.

"आजी, मूठ करा. आता उघडा. सावकाश."

गोजरबाईंनी मूठ केली. त्यांच्या काळ्या हातमोज्यांतून निघालेल्या बारीक वायरी मनगटावरच्या डबीत गेल्या होत्या, आणि समोरच्या पडद्यावर एकेका बोटाची रेघ वरखाली होत होती. नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यात शिवकन्या संधिवाताचे हात असे तपासायची. हातमोजे आठवडाभर घरी न्यायचे, रोज सकाळी अर्धा तास घालून नेहमीचं काम करायचं आणि परत आणून द्यायचे. आज आठवडा भरला होता.

गोजरबाईंच्या मनात मात्र भलतंच होतं. त्यांच्या गावी, हसनाबादला, शेजारच्या दैवशालानं सांगितलं होतं, "हात कामातून गेले असं मशीननं दाखवलं ना काकू, की दवाखानेवाले पोराला फोन लावून बोलावून घेतेत." पोरगा कल्याण चाकणला, कंपनीत. दोन वर्षांत फिरकला नव्हता. त्याचा नंबर दैवशालानंच चिठ्ठीवर लिहून गोजरबाईंच्या पदराला बांधून दिला होता. तेव्हापासून सांजवात लावली की त्या एकच मागत होत्या: पांडुरंगा, माझे हात वाईट निघू दे. देवाला कुणी असं मागतं का? एकटं माणूस मागतं.

शिवकन्या पडद्यावर आठवडाभराच्या रेघा बघून हसली.

"आजी, तुम्ही तर लबाड निघाल्या! इथं मूठ अर्धीच मिटती, अन् घरी दोन्ही हात कसे लयीत चालून राह्यलेत, बघा. रोज अर्धा तास! काय करता काय?"

"भाकरी."

"एवढ्या? घरात किती माणसं?"

"सात," गोजरबाई बोलून गेल्या.

शिवकन्यानं कागदावर सात लिहिले. "थापताना दुखत न्हाई?"

"तेवढा वेळ न्हाई दुखत."

हे मात्र खरं होतं. मोजे ओले करायचे नाहीत, असं बजावून सांगितलं होतं. मग पीठ कसं मळणार? पहिल्या दिवशी त्या विझलेल्या चुलीपुढं रिकामी काठवट घेऊन नुसत्याच बसल्या. अर्धा तास म्हणजे केवढा! मग हात आपोआप हलले. पहिली भाकरी मालकांची, तातेरावांची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी पहिली त्यांचीच. दुसरी दीर गोरक्षनाथांची, जाड. कल्याणची पातळ, पापुद्रा सुटलेली. सून मीनाची. नातवांच्या, सूरज आणि सुमितच्या, लहान लहान. शेवटची आपली. घर भरलं, की पुन्हा पहिलीपासून.

"मंग काळजीच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "हात बराबर चालून राह्यले. गोळ्या त्याच घ्या. घरच्यांना बोलवायचं काम न्हाई."

गोजरबाईंनी मान हलवली. देवाकडं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? घात केला तो त्यांच्याच हातांनी.

मोजे पिशवीत घालता घालता शिवकन्या थांबली. तिनं ते उलटेपालटे केले. बोटांच्या बेचक्यात, शिवणीत नखानं खरवडून पाहिलं.

"आजी, मोजे धुतले का?"

"न्हाई बाई. तुम्हीच म्हणल्ता ना, पाणी लावू नका."

"पिठाचा कण न्हाई कुठं."

गोजरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खाली एक रिक्षावाला गिऱ्हाइकाला हाका मारत होता.

"खराब झाले असते," त्या म्हणाल्या. "महागाची वस्तू."

 कागदावरचा सातचा आकडा शिवकन्यानं खोडला नाही. पेन खाली ठेवलं.

"मुलाचा नंबर आहे?"

"राहू द्या. हात चांगले हाईत म्हणल्या ना? उगं खाडा होईल त्याचा."

तोंडानं असं म्हणत होत्या, पण हात पदराकडं गेला होता. बोटं गाठीवर फिरली, अडली, पुन्हा फिरली. गाठ काही सुटेना.

शिवकन्या उठली. त्यांच्यापुढं खाली बसली आणि तिनं ती गाठ सोडली. चिठ्ठी मांडीवर सरळ करून आपल्या मोबाइलवर एकेक आकडा दाबला. पलीकडं घंटी वाजू लागली. गोजरबाईंनी उजवा तळवा डाव्यावर ठेवला, आणि तो आपसूक गोल फिरू लागला.

कल्याणनं फोन उचलला की नाही, ते मी सांगत नाही. एवढंच मागणं आहे: उद्या ताटात ऊन भाकरी पडली, की घास मोडण्याआधी क्षणभर थांबा. कुठल्या तरी गावात एखादी माउली रिकाम्या काठवटीत तुमच्याही नावाची भाकरी थापत असेल. तिची आठवण ठेवा.