भिंगाला तारीख दिसत नाही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला एकच डोळा, आणि तोही आता धुरकट झालेला. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पेटीत बसून मी शिरूर तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात आलो आणि खिडकीजवळच्या टेबलावर कायमचा राहिलो. हिवतापाचे, क्षयाचे जंतू मी कित्येकांना दाखवले. "यंत्र असावं तर असं," असं डॉक्टर म्हणत. पुढे रक्त तपासायला मोठी मशीन आली आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं टोपण चढलं. एकच काम उरलं. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू शिल्लक आहेत का, ते दाखवायचं. असे पुरुष वर्षाला चार-पाचच येत. बायका मात्र त्यांच्या ऑपरेशनला रांग लावून येत.

गेल्या माघात रोहिदास आला. रांजणगावला कंपनीत कामाला, घरी दोन मुली. त्याच्या बायकोची, धनश्रीची, दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालेली. "तिला पुन्हा टेबलावर घालायचं न्हाई, माझंच करा," असं तो आपणहून म्हणाला. मला तो आवडला होता.

शस्त्रक्रिया पाव तासात झाली. टाकाही पडला नाही. तपासणी करणाऱ्या नीलमने त्याच्या हातात निरोधची पाकिटं दिली. वर त्याच्या नावाची, तारखेची चिठ्ठी टाचली होती.

"तीन महिने हे वापरायचे. मग नमुना आणून द्यायचा. त्यात काही दिसलं नाही, की सुटलात."

रोहिदास हसला. "आता कशाला, मॅडम? खच्ची केल्यावर एडका काय करतोय?"

त्याच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं वळली होती. त्या घराला एवढंच ठाऊक.

"तुम्हाला खच्ची केलेलं नाही. फक्त शुक्राणूंची नळी बंद केलीय. पुढच्या वाटेत आधीचे उरलेले असतात, ते संपायला वेळ लागतो."

त्याने मान डोलावली. दाराबाहेर कंपनीतला ईश्वर मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्यासमोर ती पाकिटं हातात दिसायला नकोत, म्हणून नीलमची पाठ वळताच रोहिदासने ती माझ्या पेटीमागे सारली.

तीन महिने झाले, तो आला नाही. आषाढात आले ते तिघं. रोहिदास, त्याची आई अनसाबाई आणि पाच महिन्यांची पोटुशी धनश्री.

"तपासा ह्याला," अनसाबाई म्हणाली. "भावकीत कागद दाखवायचाय मला."

नीलमने माझं टोपण काढलं. मी बघितलं. पुन्हा बघितलं. एकही शुक्राणू नव्हता. मी खरं तेच दाखवलं.

"बघा! खच्ची एडक्यामागं कोकरू झालंय का कवा? कुणाचं गं हे, सटवे?"

"थांबा, मावशी," नीलम म्हणाली. "आज नाहीत म्हणजे तेव्हा नव्हते असं नाही. सोनोग्राफीचा हिशेब बघा, दिवस ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलेत. रोहिदास, पाकिटं वापरली होती का?"

धनश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. "अवं, सांगा की खरं. पाकीट घरात आलंच न्हाई. मी इचारलं, तर म्हणले, दिलंच न्हाई दवाखान्यात."

आता सगळं त्याच्या एका शब्दावर अडलं होतं. रोहिदासने आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"वापरली की. सगळी."

पाकिटं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मला हात नाहीत.

अनसाबाईने अहवालाच्या दहा झेरॉक्स काढल्या. धनश्रीला केडगावजवळ माहेरी धाडलं, मुली ठेवून घेतल्या.

मार्गशीर्षात मला भंगारात काढायचं ठरलं. नीलमने पेटी उचलली आणि मागची पाकिटं खाली पडली. तिने चिठ्ठीवरचं नाव वाचलं. मग फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि रोहिदासला लावला.

"तुमची पाकिटं सापडलीत. एकही फोडलेलं नाही. मूल तुमचंच आहे."

"ठाऊक हाय, मॅडम. पोरगं बघितलंय मी. माझंच थोबाड हाय."

"मग?"

"मग काय? आता नका उकरू. आईनं दुसरीकडं माझं लगीन जमवत आणलंय."

"आणि नसबंदीचं? त्या मुलीला सांगितलंत?"

फोन बंद झाला.

नीलमने पुरावा म्हणून ती चिठ्ठी गावोगाव फिरणाऱ्या आशाताईबरोबर धनश्रीला पाठवली. दोन दिवसांनी ती तशीच परत आली. "कागद नको म्हणाली," आशाताईने सांगितलं. "मुली तेवढ्या द्या म्हणाली."

मित्रांनो, उद्या मला न्यायला माणूस येईल. माझी काच पुसा, मला जपा, असं मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी नसबंदी करून घेईल. जरूर करा. त्याने पुरुषाचं काही जात नाही. पण तीन महिने सांभाळा, वेळेवर नमुना आणा. आणि कुणी विचारलं, तर आईच्या तोंडाकडे न बघता खरं सांगा. मी फक्त त्या दिवसाचं दाखवतो. तारीख तुम्हाला सांगावी लागते.

मुली अजून अनसाबाईकडेच आहेत.