पेटीची घरघर

येरेमीच्या धंद्यात श्रोता घोरायला लागला तर ती दाद समजतात. वूच शहरातल्या एका जुन्या सूतगिरणीत एके काळी मागांच्या खडखडाटाने बायकांचे कान बधिर व्हायचे. तिथे आता महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लोक घरून पांघरुणं नि उशा घेऊन येतात, दाराशी बूट काढतात आणि ओळीने आडवे होतात. समोर एकजण टेबलावर पसरलेल्या यंत्रांची बटणं अगदी सावकाश फिरवत बसतो. ताल नाही, बोल नाहीत, सुरुवात कधी झाली ते कळत नाही आणि शेवट झाला तरी निम्म्यांना पत्ता नसतो. या संगीताला ॲम्बियंट म्हणतात. टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि झोपलेल्याला उठवायचं नाही, एवढेच नियम. त्यातला दुसरा तर इतका कसोशीने पाळतात की मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर अंधार पडेपर्यंत तिथेच पडून होता आणि त्याला वळसा घालून लोकांनी झाडलोट उरकली.

येरेमी मुळातच अबोल. पोटातलं ओठावर येईल तर शपथ. मन मोकळं करायचं झालं की तो खोलीचं दार लावून घ्यायचा आणि काही तासांनी एक लांबच लांब आवाज तयार करून बाहेर यायचा. बोग्नाशी भांडण झालं की एक आवाज, समेट झाला की दुसरा. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिला याचं कौतुकच होतं. माझा नवरा रुसला की विजेचं बिल वाढतं, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची.

मग त्या उन्हाळ्यात त्यांना मुलगी झाली. दिवस भरायच्या फार आधी झाली, मुठीएवढी. तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं. पाद्री येईपर्यंत थांबायला कुणी धजावेना, म्हणून रात्रपाळीच्या नर्सनेच कपाळावर पाण्याचे थेंब सोडून बाप्तिस्मा दिला आणि तिचं नाव रूझा ठेवलं. बोग्ना त्या पेटीजवळच्या खुर्चीतच राहायला गेली म्हणा ना. पेटीचा पंखा दिवसरात्र घरघरत असायचा. पहिल्या दिवशी तो तिच्या डोक्यात गेला, पुढे तिला त्याचीच सवय झाली.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बाजूला घेऊन आता आशा नाही असं सांगितलं. बोग्नाच्या अंगावरचं दूध तरी वाहतच होतं. ते काढायला ती शेजारच्या खोलीत गेली आणि परत आली तेव्हा तिला जे दिसलं ते ती विसरू शकली नाही. येरेमी पेटीशी उभा होता, चेहरा दगडासारखा, आणि त्याच्या हातात त्याचा तो खिशात मावणारा रेकॉर्डर होता. त्याचा लाल दिवा चालू होता.

का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. भीती वाटली की कुणाचा हात जपमाळेकडे जातो, कुणाचा बाटलीकडे. येरेमीसारख्या लोकांचा रेकॉर्डरकडे जातो. आवाज पकडून ठेवला की माणूसही जाणार नाही, असं काहीतरी वेडं त्यांच्या मनात असतं. दफन झालं, पाहुण्यांना गरम सूप वाढून झालं, भांडी धुऊन झाली आणि मग बोग्ना म्हणाली, "तू रडला नाहीस, येरेमी. तू रेकॉर्ड केलंस." दुसऱ्या दिवशी ती शेराजजवळच्या खेड्यात आईकडे निघून गेली.

आणि यातली खरी अडचण अशी की तो रडला होता. बोग्ना दुधाच्या खोलीत होती तेवढ्यात पेटीच्या काचेवर कपाळ टेकून तो हमसाहमशी रडला होता, आणि रेकॉर्डर तेव्हाही चालूच होता. ती आली तोवर त्याने डोळे पुसून चेहरा सारखा केला होता. म्हणजे तिचा आरोप खोटा ठरवायला पुरावा त्याच्याकडे होता. पण थांब, मी रडलो होतो, हे बघ माझ्याकडे आहे, असं कोणता बाप कोणत्या आईला म्हणेल? तो फोन करायचा, तोंड उघडायचा आणि तिकडे पाऊस आहे का म्हणून विचारायचा. पुष्कळदा फोन सासूच उचलायची. तेओदोराबाईंना जावयाबद्दल राग नव्हता, नुसती कीव होती. बोग्नाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, गोळ्यांचा उपयोग होत नाही, पोरगी सफरचंदाच्या झाडांमधून येरझाऱ्या घालते आणि सकाळी भिंतीसारखी पांढरी दिसते, असं त्या सांगायच्या. मग तुम्ही काहीतरी करा हो, असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

येरेमीला एकच गोष्ट करता येत होती, ती त्याने केली. त्या रेकॉर्डिंगमधून त्याने एक रचना बांधायला घेतली. तळाशी पेटीची घरघर आणि तिच्यावर त्याचं रडणं. बोग्नाने ते ऐकावं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. पण इथे त्याने या जमातीची ठरलेली चूक केली. रडणं रडण्यासारखं ऐकू आलं तेव्हा त्याला त्याची लाज वाटली. मग त्याने ते ताणलं, संथ केलं, प्रतिध्वनीत भिजत घातलं. एकेक हुंदका इतका लांबला की धुक्यात दूरवर जहाजाचा भोंगा वाजावा तसा वाटायला लागला. आपलं दुःख जगाला कळावं म्हणून ही मंडळी जीव टाकतात आणि ते कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तितकीच राबतात. रचना पुरी झाल्यावर त्याने बोग्नाला निरोप पाठवला की या रविवारी गिरणीत ये, मला जे बोलता आलं नाही ते तिथे आहे. काही दिवस उत्तर नाही. मग एकच शब्द आला, येते.

नोव्हेंबर लागला होता. मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर ठेवलेल्या शेवंत्या अजून सुकल्या नव्हत्या. बोग्ना काखेत आईची चौकटीची चादर घेऊन आली. निम्मी झाली होती. कार्यक्रमाची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या क्साव्हेरीने तिला खांबाशेजारची जागा दिली, कारण तिथे वारा लागत नाही. येरेमीकडे पाहून तिने मान हलवली, बूट काढले आणि ती आडवी झाली.

त्याने घरघर इतकी हळू सुरू केली की ती छपरातून येते आहे असं वाटावं. बोग्नाचे डोळे उघडे होते. मग तिने मान वळवून थेट त्याच्याकडे पाहिलं. ती उठून जाणार, असं त्याला वाटलं. पण ती उठली नाही. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले. ऐकते आहे, तो मनाशी म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

मग हुंदक्यांची जागा आली. त्याने आवाज वाढवला, ठरवलं होतं त्याहून जास्त वाढवला. पुढच्या ओळीतल्या दोन बायकांनी कूस बदलली. त्याने खांबाकडे पाहिलं. बोग्नाचं तोंड किंचित उघडं होतं आणि एक हात चादरीबाहेर घरंगळला होता. तिला गाढ झोप लागली होती.

त्याला आधी रागच आला. सगळी यंत्रं टेबलावरून खाली लोटून द्यावीत असं वाटलं. जन्मात एकदा तो मनातलं बोलत होता, आणि जिच्यासाठी बोलत होता ती झोपली होती. उठवणं काही अवघड नव्हतं. एक बटण एकदम फिरवायचं, बस. पण तिचा चेहरा त्याला दिसत होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. पाच महिने न झोपलेल्या बाईला कुणी कसं उठवावं? नियम राहू दे बाजूला, त्याचा हातच धजला नाही. त्याने हुंदके हळूहळू उतरवले आणि बंद केले. मागे नुसती घरघर राहिली.

रचना तिथे संपायला हवी होती. पण घरघर थांबली की ती जागी होईल, हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने ती चालूच ठेवली. लोक एकेक करून उठले, पांघरुणं गुंडाळली, बूट हातात घेऊन चवड्यांवर बाहेर गेले. क्साव्हेरी टेबलापाशी आला आणि कानाशी लागून म्हणाला, "मधला तो भोंगा कसला रे? काय शांत वाटलं. माझं तर डोकंच हलकं झालं." काहीतरी जुनं सापडलं होतं, असं येरेमीने सांगितलं. पाचच्या सुमाराला टँगो नाचाच्या वर्गाची मंडळी आली. त्यांची नाचायची जागा अडली होती, पण झोपलेली बाई पाहून त्यांनीही हूं की चूं केलं नाही. नटूनथटून आलेले म्हातारे नवराबायको भिंतीला टेकून उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

बोग्ना आपोआप जागी झाली. खूप वेळ ती छपराकडे बघत राहिली, मग चादर गोळा करून टेबलाजवळ आली. गालावर चादरीच्या शिवणीचा वळ उठला होता. येरेमीने घरघर बंद केली.

"ती पेटी होती ना?" तिने विचारलं.

तो मान खाली घालून हो म्हणाला. आता ती काय वाटेल ते बोलेल, त्याची तयारी होती.

"मला लगेच कळलं," बोग्ना म्हणाली. "आधी वाटलं, उठून तुझ्या थोबाडीत द्यावी. पण मग मला वाटायला लागलं की पेटी चालू आहे, म्हणजे रूझा आहे. मी तिथे खुर्चीत त्याच आवाजात झोपायचे ना रे. तो बंद झाला आणि माझी झोप गेली. आईला सांगून बघितलं, तिला नाही कळलं."

"पुढचं ऐकलंस?" येरेमीने विचारलं. "मधलं?"

"वर काहीतरी भोंग्यासारखं यायला लागलं, तेवढं आठवतं. मला ते नको वाटत होतं. मध्ये मध्ये येत होतं. काय होतं ते?"

सांगायची वेळ हीच होती. एवढी सरळ वाट त्याला कुणीच कधी करून दिली नव्हती. येरेमीने तोंड उघडलं. मागे क्साव्हेरी वायरी गुंडाळत होता, म्हातारा नर्तक घसा साफ करत होता.

"संगीत," येरेमी म्हणाला.

"ते काढून टाकता येईल? मला नुसती पेटी दे. तुझं काही नको त्यात." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. चहात साखर नको म्हणावं इतक्या साधेपणाने ती बोलत होती. मग जाता जाता तिने त्याच्या बाहीला हात लावला. "आणि रेकॉर्ड केलंस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि बस गाठायला गेली.

जे शब्द ऐकायला तो इतके महिने झुरला होता ते त्याला मिळाले, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना.

सकाळी त्याने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. हेडफोन लावून बसला. सुरुवातीला घरघर, दूर कुठेतरी ढकलगाडीची चाकं, मग काचेवर कपाळ टेकल्याचा आवाज आणि मग तो. ना प्रतिध्वनी, ना धुकं. कुत्रं विव्हळावं तसं भेसूर, नाक ओढत, मध्येच बाबा इथे आहे, बाबा इथेच आहे, असं त्या मुठीएवढ्या पोरीला सांगत. एवढा मोठा पुरावा ऐकून दगडालाही दया आली असती. हे आहे तसं पाठवून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. बोटही तिथपर्यंत गेलं. तिला कळेल. एकदाचं कळेल की खोलीत दोघांचंही काळीज फाटत होतं.

आणि मग त्याला दिसलं की ती आईच्या घरी माडीवर पडली आहे, घरघर चालू आहे, डोळे जड होत आहेत, आणि तेवढ्यात अंधारात एक पुरुष हंबरडा फोडतो. ती उठून बसेल. त्यानंतर या आवाजातही तिला झोप येणार नाही. त्याला त्याचं मिळेल आणि तिचं जाईल. त्याने खूप विचार केला, पण तिसरी वाट निघेना. दोघांपैकी एकाचंच काम होण्यासारखं होतं.

गिरणीत वाजवलेली घरघर सुरुवातीचाच एक छोटा तुकडा फिरवून फिरवून केलेली होती; बोग्नाला त्याला पेटी मिळेल तेवढी सगळी द्यायची होती, म्हणून तो कापायला बसला. जिथे हुंदका होता तिथे कापलं, जिथे श्वास होता तिथे कापलं. बाबा इथेच आहे, तेही कापलं. त्याच्या रडण्याखाली बरीचशी घरघर बुडाली होती, म्हणून हाती लागले ते वीतवीतभर तुकडे. ते त्याने एकमेकांना असे जोडले की सांधा कुठे आहे ते देवालाही सांगता येऊ नये. तेवढं कसब त्याच्यात होतं. मूळ रेकॉर्डिंग त्याने पुसलं नाही, पण ते ठेवून कुणाला ऐकवायचं हेही त्याला सुचलं नाही. संध्याकाळी त्याने जोडलेली घरघर बोग्नाला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. तेओदोराबाई असतील असं त्याला वाटलं, पण बोग्ना होती. आवाज झोपेने जड झाला होता, लग्नानंतरच्या दिवसांत सकाळी असायचा तसा.

"झोपले," ती म्हणाली. "आईने न्याहारीला हाका मारल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत."

"आवाज नीट आहे ना? कुठे खटकत नाही ना?"

"नाही रे. एकदम स्वच्छ आहे. आता त्यात फक्त ती आहे. दुसरं कुणी नाही."

"हो," येरेमी म्हणाला. "दुसरं कुणी नव्हतंच."