दाराशेजारची बेल

मी बेल बोलतेय. मेलबर्नच्या एका कोर्टात, खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, म्हणजे ज्यूरीच्या खोलीत, दाराशेजारी बसवलेली. इथलं बोलणं बाहेर सांगायचं नाही हा कायदा माणसांना आहे, बेलला नाही. न्यायाधीशांना काही विचारायचं असेल किंवा निकाल ठरला असेल, की मला दाबायचं. लगेच बाहेरचा कर्मचारी दार उघडतो. पण प्रश्नासाठी मला दाबणं माणसांच्या अगदी जिवावर येतं.

मराठी मी पद्माकरकडून शिकले. मूळ पुण्याचा, आता इथल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात राहणारा इंजिनिअर. ज्यूरीत बोलायचा इंग्रजीत, पण विचारात पडला की मराठीत पुटपुटायचा.

तो ज्यूरीत आला त्या वर्षी शहरात जिकडेतिकडे परदेशातून शिकायला आलेली मुलं होती. खटलाही त्यांच्यातलाच. नागपूरची एक मुलगी असाइनमेंटसाठी वर्गमित्राच्या फ्लॅटवर गेली आणि तिथे त्याने तिच्यावर बलात्कार केला, असा आरोप होता. आपण भीतीने गोठलो, तोंडातून शब्द फुटला नाही, असं तिने साक्षीत सांगितलं. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं होतं: लैंगिक संबंध आला का, तिची संमती नव्हती का, आणि संमती आहे असं मानायला त्याच्याकडे रास्त कारण नव्हतं का, हे एकेक करून तपासा. सगळं निःसंशय सिद्ध झालं तरच तो दोषी.

केट नावाची तरुण नर्स माझ्यापाशी आली. "ती गप्प राहिली, त्याचा अर्थ काय घ्यायचा? न्यायाधीशांना पुन्हा विचारूया." तिचं बोट माझ्यावर टेकलं होतं.

तेवढ्यात ज्यूरीचा प्रमुख ग्रॅहम पद्माकरकडे वळला. "मेट, तू तिकडचाच. मुलगी अशी एकटी गेली तर तुमच्याकडे काय समजतात?"

इतके दिवस पद्माकरला कोणी काही विचारलं नव्हतं. स्वारी खुलली. खाकरून म्हणाला, "आमच्याकडे चांगल्या घरची मुलगी जात नाही. गेली, म्हणजे तिला कल्पना असणार."

केटने बोट काढून घेतलं. मला असा संताप आला! अख्ख्या देशाच्या वतीने उत्तर द्यायला याला नेमलं होतं कोणी?

चहा घेताना पद्माकर एकदम थांबला. "आपली श्रियापण जातेच की," तो पुटपुटला. श्रिया त्याची मुलगी, ॲडलेडला मॉसन लेक्सच्या कॅम्पसमध्ये शिकणारी. "बाबा, प्रोजेक्ट निमिषच्या फ्लॅटवर करतोय," असं ती फोनवर म्हणाली होती, हेही त्याच्या पुटपुटण्यातूनच कळलं. हा "ओके बेटा" म्हणाला होता. कपातला चहा निवेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला. आता शब्द फिरवला तर लोक काय म्हणतील, या भीतीने जागचा हलला नाही.

शेवटी ग्रॅहमने मला दाबलं. निकाल निर्दोष. खरा निकाल काय असायला हवा होता ते मला ठाऊक नाही. प्रश्न विचारला गेला नाही, एवढं ठाऊक आहे.

सगळे बॅगा उचलून गेले. पद्माकर एकटाच मागे राहिला. केटचं बोट होतं तिथेच त्याने मला दाबलं. कर्मचारी आला. "काही विसरलं का, मेट?"

पद्माकरचे ओठ हलले. "नो वरीज," म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

आता माझं बटण सैल झालंय, लवकरच मला बदलतील. तुम्ही कधी या खोलीत आलात तर लाजू नका. मला वाजायला त्रास होत नाही. फक्त वेळेवर दाबा.