कंपनीच्या डॉक्टरांचा फोन

बसवंतने फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बायकोकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे गप्प बस असं नव्हे. ठरलंय तेवढंच बोल. राजश्रीने मान हलवली.

ठरलेलं फार नव्हतं. लातूरच्या एका क्लासमध्ये सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवून बसवंत बावन्नाव्या वर्षीच विटला होता. पोरं डॉक्टर झाली तरी आनंद नाही, मागे राहिली तरी वाईट वाटत नाही, इथवर मजल गेली होती. राजीनामा देऊन टाकला. पण नोकरीबरोबर क्लासचा आरोग्य विमाही सुटणार होता आणि एका किडनीवर जगणाऱ्या बायकोला विम्याशिवाय ठेवायची त्याची छाती नव्हती. हप्ता जड होता, तरी भरायची तयारी होती. अडचण वेगळीच होती. एजंट अंबरीश त्याचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला होता, "किडनीचं बोलायचंच न्हाई, सर. फाईल परत येती. मॅडमनी फक्त न्हाई न्हाई म्हणायचं." जन्मभर पोरांकडून उत्तरं घोटून घेणाऱ्या माणसाने मग बायकोकडूनही घोटून घेतली.

"शुगर? बीपी?" पलीकडच्या, विमा कंपनीच्या डॉक्टर बाई मराठीतच विचारत होत्या.

"नाही."

"आधी एखादं ऑपरेशन?"

"नाही."

बसवंतने सुस्कारा सोडला.

"भावंडं किती?"

हा प्रश्न अंबरीशने सांगितला नव्हता.

"एक बहीण होती. शिवगंगा. भूकंपात गेली."

"वय? आणि मृत्यूचं कारण?"

"बारा," राजश्री म्हणाली. "तहान."

बसवंतने चमकून तिच्याकडे पाहिलं. शिवगंगा जागीच गेली, असं सासुरवाडीत सगळे सांगत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यालाही तेवढंच ठाऊक होतं.

"माळवद पडलं, त्याच्या मातीखाली दोघी शेजारी शेजारी होतो," राजश्री भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली. "दुपारपर्यंत बोलत होती. पाणी मागत होती."

पलीकडचा टाइप करण्याचा आवाज थांबला.

"ताई, तुम्हाला काय लागलं होतं तेव्हा?"

"लाकूड पडलं ना अंगावर. डावी किडनी काढली."

फोन बंद झाला. आपल्याला राग येईल असं बसवंतला वाटलं होतं, पण आला नाही. उलट त्या न पाहिलेल्या बाईचा त्याला हेवा वाटला. तिने दोन मिनिटांत जे विचारलं, ते त्याने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

तो गॅलरीत गेला आणि क्लासच्या संचालकांना फोन लावला. राजीनामा मागे घेतो म्हणाला. सकाळी सहाची बॅच कुणालाच नको होती, तीही पदरात पाडून घेतली.

"चुकलं का हो माझं?" तो आत आल्यावर राजश्रीने विचारलं. "तोंडातून निघूनच गेलं."

"न्हाई." खुर्ची ओढून तो तिच्या समोर बसला. "दुपारपर्यंत काय बोलत होती ती?"

राजश्रीने टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"भांडत होती. आदल्या दिवशी गणपतीच्या मिरवणुकीत मी तिचा हात सोडून मैत्रिणींत गेले म्हणून."