पाच कॉलेजांची एक दुर्बीण

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, माझं पितळ काळवंडलंय, एक स्क्रू फिरत नाही, आणि कॉलेजात मला सगळे दुर्बीणच म्हणत. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. लाकडी पेटीत, गळ्यापर्यंत भुशात बुडून मी आगगाडीनं लातूरला आलो आणि तिथून एस.टी.च्या टपावर बसून निलंग्याकडच्या एका कॉलेजात. सोबत माझे अकरा भाऊ होते.

तेव्हा सिद्रामप्पा सर प्राचार्य होते. मोठा कडक माणूस. उपकरणावर धूळ दिसली तर ते शिक्षकाला झापत, आणि ते अगदीच लख्ख दिसलं तर जास्त झापत. वापरलंच नाही म्हणून नवं राहिलंय, असं त्यांचं म्हणणं. दर शुक्रवारी ते स्वतः प्रयोगशाळेत येऊन उभे राहायचे. पहिल्या वर्षाला शिवकांता नावाची मुलगी होती, रोज पाच मैल चालत येणारी. कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवून तिनं डोळा लावला आणि हलायलाच तयार नाही. काय दिसलं, असं सरांनी विचारलं.

“भित हाय सर. ईट ईट लावल्यावानी.”

“मग तेवढंच वहीत काढ,” सर म्हणाले. “पुस्तकातलं काढू नको. न दिसलेलं काढणं म्हणजे खोटी साक्ष.”

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपण कशासाठी जन्मलो ते कळलं की बरं वाटतंच.

लातूर जिल्हा झाला आणि त्याच सुमारास सर निवृत्त झाले. नव्या जिल्ह्यात कॉलेजं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. पाऊस तेवढा उगवला नाही. आमच्याकडं आप्पासाहेब प्राचार्य म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. पण कॉलेज तपासायला येणारी विद्यापीठाची समिती काय करते ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. समिती मोजते. टेबलावर दुर्बिणी किती, कपाटात पुस्तकं किती. मग शेजारधर्म सुरू झाला. लग्नाला शेजारून पातेली आणावीत तसे आम्ही जीपमधून दुसऱ्या कॉलेजात जायचो, आणि आमच्याकडं समिती आली की त्यांची पुस्तकं आमच्याकडं यायची. पायावरचा नंबर टर्पेंटाइननं पुसायचा, नवा रंगवायचा. एका हिवाळ्यात मी पाच कॉलेजांत मोजला गेलो. पाचही ठिकाणी शेरा एकच पडला, उपकरणे पुरेशी आहेत.

यथा राजा तथा प्रजा. प्राचार्य मोजून मोकळे होतात म्हटल्यावर शिक्षकही फळ्यावर आकृती काढून मोकळे व्हायला लागले. विचारलंच कुणी, तर दुष्काळ होताच. नळाला पाणी नाही, प्रयोग कसे घेणार? प्रयोगशाळेचा शिपाई व्यंकटी तेवढा लांबच्या विहिरीवरून घागर आणून ठेवायचा. ती घागर तशीच भरलेली राहायची आणि मला लाज वाटायची.

शिवकांताचं शेवटचं वर्ष आलं. तिची आई रोजगार हमीवर खडी फोडत होती. गावच्या शाळेनं शब्द दिला होता, पदवी घेऊन ये, शिकवायला ठेवतो. प्रात्यक्षिक परीक्षेला दोन दिवस उरले असताना उदगीरकडच्या एका कॉलेजात समिती यायची ठरली आणि आम्हां बाराही जणांना पेटीत भरायचा हुकूम निघाला. व्यंकटीनं हात जोडले.

“साहेब, परवा पोरायची परीक्षा हाय. निदान एक तरी राहू द्या.”

“अरे, उद्या सांजच्याला जीप परत येती. पुढं आपलीबी समिती हाय, त्यांची पुस्तकं लागत्याल का न्हाई?”

जीप आली नाही. तिकडच्या संस्थेच्या अध्यक्षांना टंचाईच्या बैठकीसाठी लातूरला जावं लागलं, म्हणून समिती एक दिवस पुढं गेली. परीक्षेच्या सकाळी मी परक्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, गळ्यात दुसऱ्याच कॉलेजची चिठ्ठी बांधून उभा होतो. मला पाय असून चालता येत नाही, मित्रांनो. हे दुःख तुम्हांला कसं सांगू?

पुढचं मला व्यंकटी सांगत होता, परत आल्यावर माझं भिंग पुसता पुसता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि खोडाच्या कापाची आकृती आठवणीनं काढायला सांगितली. सगळ्यांनी काढली, सगळे पास झाले. शिवकांतानं काप घेतला, अगदी पातळ घेतला. काचेवर ठेवला आणि उत्तरपत्रिकेत एकच ओळ लिहिली, दुर्बीण नव्हती, काही दिसलं नाही. तिला शून्य मिळालं आणि पदवी हुकली.

शाळेनं दुसरी बाई ठेवली. दाखला न्यायला शिवकांता आली तेव्हा व्यंकटीनं तिला हळूच आत घेतलं आणि मला खिडकीपाशी मांडलं. तिनं डोळा लावला. पण जीपच्या धक्क्यांनी माझा उजेड वर फेकणारा आरसा निखळून पडला होता.

“दिसायलंय का पोरी?”

“न्हाई मामा. अंधार हाय.”

ती गेली, ती आईबरोबर खडीवर. महिन्याभरानं आमची समिती आली. आरसा नसलेला मी चादरीवर उभा राहिलो, समितीतल्या साहेबांनी माझा नंबर वाचला आणि शेरा दिला, उपकरणे उत्तम स्थितीत. मला डोळा कुणीच लावला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी प्राचार्यांच्या खुर्चीत बसेल. माझी एवढीच विनवणी आहे. मला पेटीत भरायचा हुकूम देण्याआधी प्रयोगशाळेच्या दारात जा आणि विचारा, उद्या सकाळी इथं मला शोधत कोण येणार आहे?