अवतरणात घालू का?

वकीलसाहेबांचे तोंड एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे साऱ्या कोर्टाला ठाऊक होते. घरी या गुणाचे फारसे कौतुक नव्हते. पत्नी सरळ उठून आत निघून जाई. ऑफिसात मात्र टायपिस्टताई होत्या. साहेबांनी येरझारा घालत मजकूर सांगावा आणि ताईंनी तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता. साहेबांचे वाक्य संपता संपता ताईंचा पूर्णविराम पडलेला असे. शंका आली तरच त्या मध्येच विचारत, "साहेब, इथे स्वल्पविराम? हे अवतरणात घालू का?" साहेब लोकांना अभिमानाने सांगत, "माझे निम्मे खटले ताईंच्या विरामचिन्हांनी जिंकलेत!"

त्या सोमवारी मात्र ऑफिसातली टकटक फार हळू चालली होती. ताईंच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी गुंडाळलेली होती. डाव्या हाताच्या एका बोटाने त्या एकेक कळ शोधत होत्या. साहेबांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

करतील काय! त्या हाताला त्यांचाच कुत्रा चावला होता.

आदल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ताई सहीचे कागद घेऊन साहेबांच्या घरी गेल्या होत्या. साहेबांचा भोळू अंगणात मोकळा फिरत होता. "त्याला बांधा, कोणीतरी येणार आहे ना?" असे पत्नीने दोनदा बजावले होते. "अगं, आज त्यालाही सुट्टी आहे," म्हणून साहेब हसले होते. फाटक उघडले आणि नावाने भोळा असलेल्या त्या कुत्र्याने ताईंचा हात धरला, तो सोडेचना.

"काही होत नाही हो!" साहेब धावत येऊन म्हणाले. "आमच्या भोळूला सगळी इंजेक्शनं दिलीयेत. तुम्ही घाबरून हात मागे ओढलात, म्हणून चावला. एरवी कधी कुणाला चावत नाही तो."

यंदाचे इंजेक्शन राहून गेले होते, हे साहेबांना चांगले आठवत होते. पण 'सगळी' हा शब्द तोंडातून गेला तो गेला. पत्नी म्हणाली, "त्यांना आधी दवाखान्यात न्या." साहेब म्हणाले, "उगाच बाऊ करू नकोस." घरातल्या डब्यातली पट्टी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, वर चहा पाजला, आणि आपण फार माणुसकीने वागलो असे त्यांना वाटले. निघताना ताईच ओशाळून म्हणाल्या, "चुकलंच माझं. आधी हाक मारायला हवी होती."

त्याच सोमवारी दुपारी काठी टेकत एक वृद्ध बाई ऑफिसात आल्या. साहेब ताडकन उठून उभे राहिले. शाळेत त्यांना शिकवणाऱ्या मुख्याध्यापिका बाई! वर्गात याच बाईंनी त्यांना 'बोलघेवडा' म्हणून पहिल्या बाकावर बसवले होते.

"बसा वकीलसाहेब, बसा," बाई हसत म्हणाल्या. "आज मी तुमची अशील." मग त्यांनी पायावरची जखम दाखवली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा कुत्रा जिन्यात चावला होता. घरी चालणाऱ्या शिकवण्या बंद पडल्या होत्या, आणि शेजारी साधे विचारायलाही आले नव्हते.

"पण नोटीस पाठवायची म्हणजे मलाच लाज वाटते," बाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, म्हातारी पैशाच्या मागे लागली."

साहेबांना एवढेच हवे होते! "बाई, लाज तुम्ही का बाळगायची? ज्याने कुत्रा मोकळा सोडला त्याने बाळगावी! भरपाई म्हणजे काही भीक नाही. औषधपाणी झालं, काम बुडालं, वेदना सोसल्या, ते सगळं ज्याच्या हलगर्जीपणामुळे झालं त्याने भरून द्यायचं, एवढा साधा हिशेब आहे. माणसं गप्प बसतात, म्हणून साखळ्या सुटतात! ताई, घ्या लिहून."

बाईंचे लक्ष ताईंच्या पट्टीकडे गेले. "हाताला काय झालं गं?"

"दारात सापडला," ताई खाली बघत म्हणाल्या.

ऑफिसात इतक्या वर्षांत साहेबांनी ताईंना कधी खोटे बोलताना ऐकले नव्हते. पण मजकूर तयार होता, जीभ थांबायला तयार नव्हती. ते येरझारा घालत सांगू लागले.

"सदर कुत्रा बांधून ठेवणे ही आपली जबाबदारी असताना आपण त्यास मोकळे सोडले. पूर्णविराम. माझ्या अशील जखमी झाल्यावर त्यांना तातडीने दवाखान्यात नेण्याऐवजी आपण, काही होत नाही, तुम्ही घाबरलात म्हणून चावला, असे म्हणून दोष त्यांच्याच माथी मारला."

टकटक थांबली.

"साहेब," ताईंनी नेहमीच्याच सुरात विचारले, "'काही होत नाही' हे अवतरणात घालू का?"

साहेब जागच्या जागी उभे राहिले. ताईंच्या आवाजात ना टोमणा होता, ना राग. जे शब्द कुणाच्या तरी तोंडचे असतात ते अवतरणात घालायचे, एवढेच त्यांना माहीत होते. आणि हे शब्द बाईंनी सांगितलेले नव्हते; ते कुणाच्या तोंडचे, हे त्या खोलीतल्या दोघांना पक्के माहीत होते!

साहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा त्या पट्टीकडे. वर्गातल्या कुणी काय केले हे चेहऱ्यावरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"बोलघेवड्या," बाई हळूच म्हणाल्या, "दार कुणाचं रे?"

"माझं," साहेब म्हणाले. "म्हणजे... दार नाही, बाई. कुत्रा. माझा कुत्रा."

"इंजेक्शन घेतलंस का गं?" बाईंनी ताईंना विचारले. ताईंनी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात विचारतात ना, कुत्रा कुणाचा म्हणून. साहेबांचं नाव कसं सांगायचं?"

"ऐकलंस?" बाईंचा आवाज चढला. "तुझ्या अब्रूसाठी ही जिवावर उदार झाली! चावला तुझा कुत्रा, आणि मान खाली घालते ही! अरे, आत्ता मला जे शिकवत होतास ते फक्त फी देणाऱ्यांसाठी का? हिला नोटीस पाठवायला कोण सांगणार? हिचं पोट तुझ्या हातात, म्हणून ही गप्प. आणि तू त्या गप्प बसण्याला संमती समजलास!"

आपली आपल्यालाच इतकी लाज साहेबांना कधी वाटली नव्हती. त्यांना आठवला तो चहा, ती आपल्या हातांनी बांधलेली पट्टी, आणि तो 'सगळी' हा शब्द. तोंड लपवायला जागा नव्हती.

"ताई, उठा," ते कसेबसे म्हणाले. "आधी दवाखाना."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायचं आणि लगेच इकडे यायचं, एवढंही कुणी सांगितलं नाही? उशीर झालाय, पण उशीर झाला म्हणून इंजेक्शन टाळायचं नसतं. आत्ता सुरू करू, आणि पुढचं एकही चुकवायचं नाही. कुत्रा कुणाचा?"

ताईंनी मान खाली घातली.

"माझा," साहेब म्हणाले. "आणि त्याचं यंदाचं इंजेक्शन दिलेलं नाही. मी खोटं बोललो होतो. तसंच नोंदवा."

ताईंनी चमकून वर पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले ते सुईमुळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात नवल घडले. समोरच्या ऑफिसातल्या वकिलांशी साहेबांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. दोघे जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत. साहेब स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "एक अशील पाठवतोय. कुत्रा चावल्याची भरपाई हवीय. तुमची फी मी भरतो."

"विरुद्ध पक्ष कोण?"

"मी!"

समोरचे वकील आधी हसले, मग हसायचे थांबले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

नोटीस आली तोवर ताईंची पट्टी निघाली होती. रोजचे टपाल उघडणे त्यांचेच काम. ते पाकीट त्यांनी साहेबांपुढे ठेवले आणि सवयीने कॉम्प्युटरसमोर बसल्या. "साहेब, उत्तर सांगा."

"याचं उत्तर तुम्ही नाही लिहायचं," साहेब म्हणाले. त्यांनी ताईंना उठवून आपल्या खुर्चीत बसवले आणि स्वतः एका बोटाने एकेक कळ शोधू लागले. बऱ्याच वेळाने एक ओळ उमटली : 'नोटिशीतील सर्व मजकूर मला मान्य आहे'.

वाचकहो, कुत्रा चावला म्हणून लाजण्यासारखे आपण काही केलेले नसते. आधी दवाखाना गाठावा, कुत्रा कुणाचा ते निर्भयपणे सांगावे आणि हक्काची भरपाई मान वर करून मागावी. आणि कुत्रा आपला असेल, तर समोरच्याला मागायला लावू नये! जो आपल्यापुढे बोलू शकत नाही, त्याच्या वतीने आपल्याविरुद्ध आपणच बोलावे. न्यायाची सुरुवात तिथून होते.

साहेब अजून कळफलकावर काहीतरी शोधत होते.

"ताई," त्यांनी मान वर न करता विचारले, "पूर्णविराम कुठे असतो हो?"