तिकडे पोचलं का

"बदल केलास म्हणजे काम झालं असं समजू नकोस. तिकडे पोचला का, ते बघ." आमचे जुने साहेब निवृत्त होईपर्यंत हेच सांगायचे. ऑफिसातल्यांच्या मेल-खात्यांचं काम माझ्याकडे आल्यापासून मी ते पाळत आलेय. त्या दुपारी मात्र ते बघायच्या आधीच शब्द देऊन बसले.

ग्रंथपालबाई समोर बसल्या होत्या. त्यांचा पासवर्ड मी नुकताच बदलला होता. खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही, नवऱ्याचा काढून बहिणीचा. नवरा आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेत स्टोअरकीपर. बायकोची मेल रोज तिथे उघडून वाचायचा. आणि आज चारला बाईंच्या बदलीची मेल येणार होती, लांबच्या गावी, बहिणीजवळ.

"त्यांनी वाचली तर संपलंच, ताई. मागच्या वेळी जायला निघाले तर माझ्या चपला कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. आज पर्समध्ये एक जोड जास्तीचा घेऊन आलेय."

"नाही वाचणार. शब्द देते," मी म्हणून गेले. खोटं न बोलण्याचा माझा रोजचा नेम आहे.

मग संगणकाचा पडदा पाहिला. दुसऱ्या शाखेकडे बदल जाणं सकाळपासून अडकलं होतं. तिथलं यंत्र, म्हणजे सर्व्हर, खात्यांची स्वतःची प्रत ठेवतं. बदल तिच्यात उतरेपर्यंत तिथे जुनाच पासवर्ड चालतो. इथून पुन्हा पुन्हा पाठवून पाहिलं. ढिम्म हलेना.

तिथल्या क्लार्कला फोन लावला. "अहो, ते यंत्र एकदा बंद करून चालू करता का?"

"केलं असतं हो. पण यंत्राच्या खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे. मागायला गेलो तर अशी उलटतपासणी घेतात, सासऱ्यांनीसुद्धा घेतली नव्हती माझी."

फोन ठेवून बाईंना किल्लीचं सांगितलं. बाई रुमालाच्या घडीवर घडी घालत होत्या.

"म्हणजे माझ्या कुलपाची किल्लीही त्यांच्याकडेच," त्या म्हणाल्या.

"मी जाऊन मागते."

"काय सांगाल त्यांना?"

"खरं तेच. बदल पोचत नाहीयेत, यंत्र बघायला आले."

"कुणाचे बदल, असं विचारलं तर?"

"गप्प बसेन. तेवढं जमतं मला."

त्या हसल्या नाहीत. तीन वाजत आले होते. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला, पिशवी खांद्याला लावली. दार ओढून घ्यायला हात गेला, पण बाई आत होत्या, तसंच सताड उघडं ठेवलं आणि बसस्टॉपच्या वाटेला लागले.